चार की पाच

माझ्या कपाटात एक दोनशे पानी वही आहे. तिच्या एका पानावर निळ्या शाईत आठ संख्या ओळीनं लिहिल्या आहेत: ३, ८, ४, ९, २, ५, ६, ७. खाली माझ्या भाचीच्या अक्षरात उत्तर आहे, ४. त्याच्या शेजारी पेन्सिलीनं, हलक्या हातानं, तिनंच लिहिलंय: '५?' मग ते प्रश्नचिन्हासकट खोडलंय. त्यापुढची सहा पानं कोरी आहेत.

ती पानं कोरी राहिली ती माझ्यामुळे. ते कसं, हे सांगायला थोडं मागं जावं लागेल.

मी हैदराबादला राहते. इथल्या विद्यापीठात तौलनिक साहित्यात एम.ए. केलं आणि इथलीच झाले. तेलुगू आणि इंग्रजीतून मराठीत भाषांतरं करते. कथा-कादंबऱ्यांनी मन भरतं, औषधांच्या माहितीपत्रकांनी आणि करारनाम्यांनी घर चालतं. माझी ताई परभणी जिल्ह्यात, मानवतजवळच्या एका गावात दिलेली. भावजींची सहा एकर शेती आणि बी-बियाणांचं छोटं दुकान. त्यांची मुलगी दहावीपर्यंत गावातल्या मराठी शाळेत शिकली आणि अकरावीला परभणीत शास्त्र शाखेत गेली. ती दहावीच्या सुट्टीत माझ्याकडे आली होती, तेव्हा ही गोष्ट सुरू झाली.

आमच्या शेजारी एक निवृत्त प्राध्यापक राहतात. त्यांनी तिला सहज एक कोडं घातलं. दहा लाख नावांची यादी अकारविल्हे लावलेली आहे. त्यात एक नाव आहे की नाही हे शोधायचं, तर जास्तीत जास्त किती नावं बघावी लागतील? ती माझ्या टेबलावरच्या मोल्सवर्थच्या कोशाकडे बघत बसली. मग म्हणाली, "मावशी शब्द काढते तसं. मधूनच उघडायचं. मग अर्धं टाकून द्यायचं." आणि बोटांवर निम्मं-निम्मं करत तिनं वीस हे उत्तर काढलं. प्राध्यापक माझ्याकडे वळून म्हणाले, "हे आम्ही इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला शिकवतो. हिला ऑलिम्पियाडला बसवा."

गणिताचं ऑलिम्पियाड मला ऐकून माहीत होतं. संगणकाचंही असतं हे तेव्हा कळलं. शाळकरी मुलांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा १९८९ साली बल्गेरियातल्या प्रावेत्स या गावी सुरू झाली. भारताचा संघ २००२ पासून जातो. आपल्याकडचं काम संगणकशास्त्राच्या प्राध्यापक-संशोधकांची 'इंडियन असोसिएशन फॉर रिसर्च इन कम्प्युटिंग सायन्स' ही संस्था बघते. देशभरातली मुलं परीक्षांच्या चाळणीतून गाळत गाळत साधारण ३० जणं सराव शिबिरापर्यंत पोचतात, आणि त्यांतली ४ भारताकडून जातात. ते शिबिर अनेकदा चेन्नईबाहेर, सिरुसेरीच्या चेन्नई मॅथमॅटिकल इन्स्टिट्यूटमध्ये भरत आलं आहे. पदवीच्या वर्गांना शिकवणारी माणसं तिथे दहावी-बारावीच्या मुलांना शिकवतात.

तेव्हा पहिल्या पायरीला दोन दारं होती. एक संगणकावर प्रोग्राम लिहिण्याचं. दुसरं कागद-पेन्सिलीचं. त्यात प्रोग्रामिंग यायची गरज नव्हती, संगणकाला हात लावायचीही नाही. प्रश्न नीट वाचायचा, रीत शोधायची, आकडेमोड करायची आणि फक्त उत्तर लिहायचं. एकाच प्रश्नात तीन वेगवेगळ्या संख्यासमूहांसाठी तीन उत्तरं मागितलेली असत. पहिलं चाचपडत निघतं, पण तिसऱ्यापर्यंत पोचायचं तर रीत सापडावीच लागते. ज्या मुलीच्या घरी संगणक नाही, तिला हे दुसरं दार जणू तिच्यासाठीच ठेवलंय असं वाटलं. मलाही वाटलं.

त्या मे महिन्यात मी रोज संध्याकाळी तिच्याबरोबर बसले. इंटरनेटवर या परीक्षेच्या तयारीचे धडे आणि जुने पेपर मिळाले, ते इंग्रजीत. ती गणित बघायची, मी भाषा. मला यातलं काही येत नव्हतं, आणि बहुधा म्हणूनच मजा आली. 'स्टॅक' म्हणजे काय हे मी वाचून दाखवलं: वर ठेवायचं आणि वरचंच आधी काढायचं. ती म्हणाली, "चवड की! भाकऱ्यांची." आमच्या वहीत तो शब्द चवड म्हणूनच आहे. 'क्यू' म्हणजे रांग, ते शोधावंच लागलं नाही. प्रत्येक पावलाला समोर दिसेल ते सगळ्यांत मोठं उचलणारी जी रीत असते तिला इंग्रजीत 'ग्रीडी' म्हणतात. तिचं आम्ही 'हावरी रीत' केलं, आणि हावरेपणा कुठे अंगाशी येतो याची उदाहरणं तिनं घरातल्या माणसांवरून दिली. 'ग्राफ'शी मात्र अडलो. शाळेत आलेख म्हणजे चौकटीच्या कागदावरची रेघ. इथला ग्राफ म्हणजे ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या वाटा. त्याला 'आलेख' म्हटलं असतं तर ती दोन दिवस पट्टी शोधत बसली असती. आम्ही 'जाळं' म्हटलं.

या वयात विद्यापीठातलं कशाला शिकवायचं, असं ताईनं मला फोनवर विचारलं होतं. तेव्हा मी काहीतरी उत्तर दिलं. आज विचाराल तर असं सांगेन. भौतिकशास्त्रात दुसऱ्या वर्षाचा धडा सोळा वर्षांच्या पोरीला देता येत नाही, कारण त्याच्याखाली कलनशास्त्राचा अख्खा मजला बांधावा लागतो. रसायनशास्त्राचंही तसंच. पण या विषयातल्या कितीतरी सुंदर गोष्टींखाली असा मजलाच नाही. बेरीज येते, लहान-मोठं कळतं, तेवढ्यावर तुम्ही थेट तिथे जाऊन उभे राहू शकता जिथे इंजिनिअरिंगची मुलं उभी आहेत. लागतं ते एकच, प्रश्नात जे लिहिलंय तेच आणि तेवढंच वाचता येणं. बाकी विषयांत भाषा ही गणितावरचं वेष्टन असते असं म्हणता येईल. इथे भाषा हाच उंबरा आहे.

हे मला भाषांतरकार म्हणून आधी कळायला हवं होतं.

जूनमध्ये ती परत गेली. परभणीत खोली करून राहिली, सकाळी कॉलेज, दुपारी 'नीट'चा क्लास. आम्ही ठरवलं की मी जुन्या पेपरांतली आणि धड्यांतली गणितं मराठीत करून वहीत लिहीन, एक वही भरली की पाठवीन. तोवर रोज एकाचा फोटो. ती रात्री सोडवून उत्तर पाठवायची. मी उत्तरसूचीशी ताडून बरोबरची खूण करायची. जुलैभर खुणाच खुणा होत्या. माझ्या भाषांतरावर मी फार खूश होते. दुसऱ्या कुठल्याही कामात एवढी तातडीची पोचपावती मिळत नाही. कादंबरीच्या वाचकाला आपण कळलो की नाही हे वर्षानुवर्षं समजत नाही, इथे रात्री दहाला कळत होतं.

मग ऑगस्टमध्ये ते आठ संख्यांचं गणित आलं. मुळात असं होतं: दिलेल्या संख्यांमधून चढत्या क्रमाची सर्वांत लांब 'सबसीक्वेन्स' शोधा. शालेय गणितात सीक्वेन्सला 'क्रमिका' म्हणतात. मग ही 'उपक्रमिका'. मी तो शब्द लिहिला आणि मला तो आवडला नाही. शासकीय वाटला. वाटलं, पोरगी दिवसभर कॉलेज, क्लास करून थकून येणार, तिच्यापुढे कशाला हे लाकडी शब्द ठेवायचे? मी 'उपक्रमिका' खोडलं आणि लिहिलं: "या ओळीचा चढत्या क्रमाचा सर्वांत लांब तुकडा शोधा."

तुकडा. भाकरीचा, कापडाचा, शेताचा. सगळ्यांना कळणारा, सोपा, मराठमोळा शब्द. आणि चुकीचा. तुकडा सलग असतो. सबसीक्वेन्स सलग असावी लागत नाही. मधल्या संख्या सोडल्या तरी चालतात, फक्त उरलेल्यांचा क्रम बदलायचा नाही. वरच्या ओळीत चढता तुकडा शोधलात तर सगळ्यांत लांब २, ५, ६, ७ हा मिळतो. उत्तर चार. पण मधल्या सोडायची मुभा असेल तर ३, ४, ५, ६, ७ असे पाच निघतात. मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर चारच होतं. सूचीत पाच लिहिलं होतं.

मी तिला कळवलं: "चूक. उत्तर ५. परत बघ."

तिनं परत बघितलं. वहीत ते पेन्सिलीतलं '५?' तेव्हाचं आहे. ओळीत आठच संख्या; सलग पाच चढत्या कुठेच नाहीत हे कुणीही दोन मिनिटांत सांगेल. तिनंही बघितलं असणार, आणि बघून काय निष्कर्ष काढला? प्रश्न चुकला असेल, असा नाही. मावशी चुकली असेल, असाही नाही. मावशी एवढी शिकलेली, उत्तरसूची मोठ्या प्राध्यापकांची. तिनं निष्कर्ष काढला की आपल्याला दिसत नाहीये.

हा शब्द त्या प्रकरणात पाच गणितांत होता. पाचही मी 'तुकडा' करूनच पाठवली. पाचही वेळा तिचं उत्तर चूक. मी उत्साहानं लिहायची, "अजून थोडं डोकं लाव." त्यानंतर तिचे निरोप विरळ झाले. क्लासमध्ये चाचण्या आहेत म्हणाली. मला खरं वाटलं, कारण चाचण्या होत्याच. क्लासच्या सरांनी भावजींना बोलावून सांगितलं की मुलगी डॉक्टर होऊ शकते, हे नसते उद्योग बंद करा. मी सगळा राग त्या सरांवर काढला. ऑगस्टचा शेवट ते दिवाळी, दोन महिने मी त्यांनाच दोष देत होते.

दिवाळीला देवगिरी एक्सप्रेसनं परभणी गाठली. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी वही मागितली. तिनं दिली आणि उठून आत गेली. मी त्या पानापाशी आले. पाचही गणितांखाली तिनं काय काय करून बघितलं होतं ते सगळं होतं. मी उत्तर ताडायची तेव्हा फक्त शेवटचा आकडा बघत असे. तिची आकडेमोड कधी बघितलीच नव्हती. आता बघितली. ओळ न ओळ बरोबर होती. कुठे चुकलीय ते मला सापडेना. मग मी फोनवर मूळ इंग्रजी उघडलं आणि शेजारी ठेवलं.

भाषांतरातल्या चुका मला नव्या नाहीत. कादंबरीत मी एकदा एका पात्राच्या चुलत्याला मामा करून टाकलं होतं. दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त केलं, कुणाचं काही बिघडलं नाही. त्या दुपारी मला पहिल्यांदा पोटात गोळा आला.

तिला हाक मारून बाहेर बोलावलं आणि सांगितलं. ती बराच वेळ दोन्ही ओळी बघत होती, माझी आणि इंग्रजीतली.

"म्हणजे मी बरोबर होते?"

"त्या गणितापुरती, हो. तुझ्या गणिताचं उत्तर चारच."

"माझं नव्हतं गं ते गणित, मावशी. तुझं होतं."

रागावून नाही म्हणाली. पण मी ते विसरलेले नाही.

मग मी तिला समजावून सांगायला लागले: सलग नको, मधल्या सोडायच्या, पण मागे फिरायचं नाही. तिनं मला मध्येच थांबवलं. "वेचणी म्हण ना मग." दिवाळीच्या सुमाराला आमच्या ताईकडे कापूस वेचणी चालू असते. बाई एका ओळीनं पुढे जाते, उमललेली बोंडं घेते, मिटलेली सोडते, मागे फिरत नाही. पिशवीत जे जमतं ते त्या ओळीतलंच, त्याच क्रमानं, पण सलग नाही. शब्द कोशातही होता, आमच्या जुन्या पाठ्यपुस्तकांतही होता. तिथे उताऱ्यांना 'वेचे' म्हणत. एवढ्या पदव्या घेऊन मला तो सुचला नव्हता. तिनं तो दारातून समोरच्या शेताकडे बघत सांगितला.

त्या रात्री तिनं ते गणित सोडवलं तसं इथे मांडते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. आठ संख्यांतून वेचणी करायचे एकूण प्रकार, काहीच न वेचणं धरून, २५६. तेवढे लिहून बघता येतील. पण चाळीस संख्या असल्या तर तेच प्रकार एक लाख कोटींहून जास्त होतात. तिथे चिकाटीचा उपयोग नाही, रीतच हवी. तिनं काय केलं, तर प्रत्येक संख्येखाली एक छोटा आकडा लिहिला: वेचणी या संख्येवर संपवायची ठरवली तर जास्तीत जास्त किती लांब होईल? ३ खाली १. ८ खाली २, कारण आधी ३ आहे. ४ खालीही २. ९ खाली ३. २ खाली १, कारण तिच्याआधी तिच्याहून लहान कुणीच नाही. ५ खाली ३. मग ६ खाली ४ आणि ७ खाली ५. प्रत्येक वेळी फक्त मागे बघायचं, आपल्याहून लहान संख्यांखाली लिहिलेला सगळ्यांत मोठा आकडा घ्यायचा आणि त्यात एक मिळवायचा. चाळीस संख्यांना अशा ७८० तुलना पुरतात. दुपारभराचं काम.

याला इंग्रजीत 'डायनॅमिक प्रोग्रामिंग' म्हणतात. विद्यापीठात याची भीती असते असं आमच्या शेजारच्या प्राध्यापकांनी नंतर सांगितलं. नाव रिचर्ड बेलमन या अमेरिकन गणितज्ञानं १९५०च्या दशकात दिलं. त्यातलं 'प्रोग्रामिंग' संगणकाचं नाही. त्या काळच्या अर्थानं ते 'नियोजन' आहे. याचं 'गतिमान प्रोग्रामिंग' करणारा भाषांतरकार मी केला तशीच चूक करेल, फक्त अवघड बाजूनं. सोपा शब्द फसवतो तसा भारदस्त शब्दही फसवतो. फसवत नाही तो शब्द कुठला, हे वस्तू हातात घेऊन बघितल्याशिवाय कळत नाही. मी गणित न सोडवताच भाषांतर करत होते.

परीक्षेला थोडेच दिवस उरले होते. आम्ही भाषांतर बंद केलं आणि उलट काम सुरू केलं. अशा प्रश्नांच्या इंग्रजीत शब्द फार नसतात. तेच तीस-चाळीस परत परत येतात, आणि प्रत्येक शब्द खिळ्यासारखा ठोकलेला असतो. 'ॲट मोस्ट' म्हणजे जास्तीत जास्त, 'ॲट लीस्ट' म्हणजे कमीत कमी, 'एक्झॅक्टली' म्हणजे नेमके तेवढेच. 'डिस्टिंक्ट' म्हणजे वेगवेगळे, एकसारखे दोन चालणार नाहीत. 'ॲडजेसंट' म्हणजे शेजारचे, लागून असलेले. हे सगळं मराठीत स्वच्छ सांगता येतं. 'एनी'पाशी मात्र मी थबकले. इंग्रजी 'एनी' कधी 'कोणतेही, सगळे धरून' असतो आणि कधी 'कोणतेतरी, एखादे'. वाक्य बघून ठरवावं लागतं. मराठीला हे दोन शब्द वेगळे आहेत, 'कोणतेही' आणि 'कोणतेतरी', आणि आमच्या गावातलं पोरही त्यांत गल्लत करत नाही. मराठीत हे विषय बसत नाहीत, असं मला किती शिकलेल्या लोकांनी ऐकवलं आहे. त्या आठवड्यात मला दिसलं की निदान एका ठिकाणी मराठी जास्त काटेकोर आहे.

मग मी या स्पर्धेविषयी आणखी वाचायला लागले, आणि एका गोष्टीपाशी माझं मन अडकून बसलं. आंतरराष्ट्रीय स्पर्धा दोन दिवसांची असते, रोज पाच तास, तीन प्रश्न. प्रत्येक दिवसाच्या आदल्या संध्याकाळी सगळ्या देशांचे संघप्रमुख एकत्र बसतात. त्यांना प्रश्न दाखवले जातात, शब्दाशब्दावर चर्चा होते, आणि मग ते आपापल्या मुलांसाठी ते प्रश्न आपापल्या भाषेत भाषांतरित करायला बसतात. पुष्कळदा पहाट होते. तोवर मुलांना त्यांच्यापासून वेगळं ठेवलेलं असतं. जगातल्या भाषांतरकारांच्या रात्रींमध्ये ही एक रात्र मोठी विलक्षण असणार. लॅटव्हियन मुलं लॅटव्हियनमध्ये प्रश्न वाचतात, जॉर्जियन मुलं जॉर्जियनमध्ये. लॅटव्हियाची लोकसंख्या वीस लाखांहूनही कमी. २०११च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख लोक होते. त्या मेजावर मराठीची खुर्ची नाही. यात कुणाचा कट नाही. तिथे देश बसतात, भाषा नव्हे, आणि आपल्या देशात तिथवर पोचलेली मुलं वाटेत कधीच इंग्रजीची झालेली असतात. पण जी पोचली नाहीत त्यांच्यातली किती जणं गणितात अडली आणि किती जणं उंबऱ्यावर, हे कसं कळायचं?

सोव्हिएत रशियात हा प्रश्न एका संगणकशास्त्रज्ञानं गांभीर्यानं घेतला होता. आंद्रेई एर्शोव्ह, नोव्होसिबिर्स्कजवळच्या अकादेमगोरोदोक या विज्ञाननगरीतले. तिथे १९७६ पासून शाळकरी मुलांसाठी प्रोग्रामिंगच्या उन्हाळी शाळा भरत. शिकवायला संशोधन संस्थेतली माणसं. १९८१ साली स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथे भाषण करताना एर्शोव्ह यांनी प्रोग्रामिंगला 'दुसरी साक्षरता' म्हटलं. आणि त्यांच्या गटानं, विशेषतः गेन्नादी झ्वेनिगोरोद्स्की यांनी, मुलांसाठी 'रोबिक' ही प्रोग्रामिंगची भाषा केली, आणि पुढची पायरी म्हणून 'रापिरा'. त्यांतल्या आज्ञा रशियन शब्दांत होत्या. पुढे त्या भाषा मागं पडल्या. पण दुसरी साक्षरता पहिल्या साक्षरतेवरूनच चढून गाठायची असते, हे ज्यांना कळलं होतं त्यांनी तसं करून दाखवलं होतं. मला हे वाचून बरं वाटलं आणि थोडं वाईटही.

परीक्षेसाठी केंद्र हैदराबादचं घेतलं होतं. भावजी स्वतः तिला घेऊन आले. क्लासच्या सरांना न सांगता, दुकान दोन दिवस बंद ठेवून. परीक्षा संपल्यावर बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा मला वाचता येईना. रिक्षात म्हणाली, "वाचायलाच वेळ गेला. समजल्यावर सोपी होती." घरी येऊन जेवली आणि झोपली.

तिची निवड झाली नाही. ते दोन महिने वाया गेले नसते तर झाली असती, असा दावा मी करणार नाही. हजारो मुलं बसतात, त्यांतली कितीतरी शहरांतल्या शाळांतून वर्षानुवर्षं तयारी करून आलेली असतात. पण झाली नसती असंही मला म्हणता येत नाही, आणि ते मला बाळगावं लागतं.

एवढं मात्र तेव्हापासून मनात पक्कं आहे. मराठी शाळांतून आलेल्या मुलांविषयी बोलताना आपण म्हणतो, त्यांना उत्तरं येत नाहीत. माझ्या भाचीला पाचही उत्तरं येत होती. तिच्यापर्यंत जो प्रश्न पोचला त्याचं तिनं बरोबर उत्तर दिलं होतं, आणि पाचही वेळा तिला चूक म्हटलं गेलं. म्हणणारी मी होते, तिचं भलं चिंतणारी. ज्यांना तिच्याविषयी काहीच वाटत नव्हतं, त्यांनी किती वेळा म्हटलं असेल.

तिनं 'नीट' दिली नाही. आज ती पुण्यात संगणकशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मागच्या वर्षी एका दुपारी तिचा फोन आला. वर्गाबाहेरूनच बोलत होती, मागे पोरांचा गलका. "मावशी, आज वेचणी शिकवली. अर्ध्या वर्गाला समजली नाही. मी चाळीस संख्यांना ७८० सांगितलं तर सर म्हणाले, कुठे शिकलीस?"

"मग काय सांगितलंस?"

"मानवतला म्हटलं."

गेल्या उन्हाळ्यापासून आम्ही ती जुनी वही पुन्हा लिहायला घेतली आहे. तिच्या धाकट्या चुलतभावासाठी, आणि गावातल्या शाळेत आणखी दोघंजण आहेत त्यांच्यासाठी. या वेळी पद्धत बदलली आहे. मी आधी स्वतः गणित सोडवते, अडखळत, कधी तीन-तीन दिवस लावून. मग मराठी करते. ती मूळ इंग्रजी न बघता फक्त माझ्या मराठीवरून सोडवते, आणि उत्तर सूचीशी जुळलं तरच ते गणित वहीत जातं. जुळलं नाही तर दोघी आधी माझं वाक्य तपासतो आणि मग तिची आकडेमोड. आधी वाक्य, हा नियम तिनं घातलाय.

आतापर्यंत एकसष्ट गणितं झाली आहेत. मागच्या आठवड्यात दोन जुळली नाहीत. एकात चूक तिची होती, एकात माझी.